पिल्लाला एक इंजेक्शन दिलं म्हणजे काम झालं असं नाही. शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची

भिवंडी : भात झोडून खळं मोकळं झालं, वालाला शेंगा धरायला लागल्या की आपल्याकडे आणखी एक गोष्ट घराघरांत दिसते. पोरांच्या हातात कुत्र्याची पिल्लं. भाद्रपद सरला की पुढे दोन महिन्यांनी गावोगावच्या कुत्र्या व्यायला लागतात. कुत्रीचे दिवस साधारण ६३, त्यामुळे दिवाळीच्या मागेपुढे पिल्लांचा सुकाळ असतो. काल्हेर-कशेळीच्या गोदामांमागून कुणी उचलून आणतं, पडघा-अंबाडीकडच्या पाड्यावरून कुणी पाहुण्याकडून मागून आणतं. कुणाला गोठ्याला राखण हवी असते, कुणाच्या घरी पोरानं जेवण सोडलेलं असतं म्हणून.

पिल्लू आणलं की शेजारी विचारतात, इंजेक्शन दिलं का? आणि उत्तर ठरलेलं, "हो, दिलंय."

कोणतं दिलं? कितवं? पुढचं कधी आहे? इथं बहुतेक जण गप्प होतात. मी बातम्या लिहितो, चार गावं फिरतो, तरी दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच गप्प झालो होतो.

आमच्याकडे मोत्या नावाचं पिल्लू होतं. ४५ दिवसांचं झाल्यावर मी त्याला गाडीच्या डिकीतल्या पिशवीत बसवून नेलं आणि टोचून आणलं. डॉक्टरांनी कार्ड दिलं, त्यावर पुढची तारीख लिहून दिली. ते कार्ड मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं, ते तिथंच राहिलं. वाल काढायची गडबड, मग एक लग्न, मग दुसरं लग्न. मोत्या अडीच महिन्यांचा झाला आणि एका सकाळी भाकरीला तोंड लावेना. दुपारी उलट्या, संध्याकाळी रक्ताची हगवण. तो वास एकदा आलेला माणूस विसरत नाही. तीन दिवस सलाईन लावलं. चौथ्या दिवशी पहाटे गेला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, त्याला तर इंजेक्शन दिलं होतं ना?"

हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, थोडा रागानंच. त्यांनी माझ्याच कार्डावर बोट ठेवलं. एक तारीख भरलेली होती, बाकीचे चौकोन रिकामे. मग त्यांनी जे समजावलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख.

चिकाची राखण

गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या चिकातून आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद वासरात उतरते. कुत्रीचंही तसंच. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लू जो चीक पितं, त्यातून त्याला काही आठवड्यांची राखण मिळते. ही राखण उसनी असते, हळूहळू उतरत जाते.

अडचण इथंच आहे. पिल्लाच्या लसीत पार्वो, डिस्टेंपर या रोगांचे जिवंत पण कमजोर केलेले विषाणू असतात. ते अंगात थोडे वाढले तर पिल्लाचं शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं. पण आईकडून आलेली राखण अजून शिल्लक असेल तर ती या विषाणूंनाही शत्रू समजते आणि आल्या आल्या संपवून टाकते. गोदामावरचा रात्रीचा वॉचमन मालकाच्या पाहुण्यालाही फाटकातून परत पाठवतो, तसं. इंजेक्शन दिलं गेलं, पैसे गेले, कार्डावर सही झाली, पण पिल्लाचं शरीर काहीच शिकलं नाही.

मग थोडं थांबून का द्यायचं नाही? कारण आईची राखण कधी उतरणार हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. एका वेताच्या दोन भावंडांतसुद्धा फरक असतो. ज्यानं चीक कमी प्यायला त्याची राखण सहाव्या आठवड्यात उतरते, दांडगाई करून पोटभर प्यायलेल्याची चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत रेंगाळते. वाट पाहत बसलो तर पहिलं पिल्लू उघडं पडतं, आणि एकदाच लवकर टोचलं तर दुसऱ्याचं इंजेक्शन वाया जातं. मधे तर असे काही दिवस येतात की उरलेली राखण रोग अडवायला पुरत नाही, पण लस अडवायला पुरते. मोत्या बहुधा त्याच दिवसांत सापडला.

म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचायचं, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. यातली कोणती तरी एक लागू पडणार. कोणती, ते कळत नाही. पण सोळा आठवड्यांनंतर आईची राखण बहुतेक पिल्लांत उतरलेली असते, म्हणून शेवटची सगळ्यात भरवशाची. आपण नेमकी तीच सोडतो.

"बूस्टर" या शब्दानंही घोटाळा केला आहे असं मला वाटतं. बूस्टर म्हटलं की माणसाला वाटतं, मूळ काम झालंय, हे वरचं जास्तीचं टॉनिक आहे, नाही दिलं तरी चालेल. पिल्लाच्या बाबतीत तसं नाही. पहिली फुकट गेली असेल तर दुसरी किंवा तिसरी हीच त्याची खरी पहिली असते.

तारखा कशा धरायच्या

समजा पिल्लू १५ नोव्हेंबरला जन्मलं. तर हिशेब साधारण असा बसतो.

जन्मानंतर १५ दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता जंताचं पहिलं औषध. पिल्लांना जंत बहुतेक वेळा आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे "अजून बाहेरचं काही खाल्लं नाही" हे कारण चालत नाही. मग दर १५ दिवसांनी जंताचं औषध, तीन महिन्यांचं होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. औषध वजनावर असतं, म्हणून पिल्लाला न्यायला जमत नसेल तर निदान घरच्या काट्यावर वजन करून ते डॉक्टरांना सांगा. एक विनंती हात जोडून : गुरांच्या गोचिडाचं उरलेलं इंजेक्शन अंदाजानं पिल्लाला टोचू नका. गुराचा थेंब पिल्लाला विष होऊ शकतो.

३० डिसेंबरच्या सुमारास, ४५ दिवसांचं झालं की पहिली लस. २३ जानेवारीच्या आसपास दुसरी. १४ फेब्रुवारीला पिल्लू तेरा आठवड्यांचं होतं, तेव्हा तिसरी आणि तिच्यासोबत रेबीजची पहिली. मग १० मार्चच्या आसपास, शिमग्याच्या दिवसांत, सोळा आठवडे उलटल्यावर शेवटची. रेबीजची दुसरीही आपल्याकडे बहुतेक डॉक्टर याच फेरीत देतात. त्यानंतर वर्षानं, आणि मग दरवर्षी डॉक्टर सांगतील तसं.

दोन-चार दिवस पुढेमागे झाले तर आभाळ कोसळत नाही. पण दोन लशींत दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतर नको, "उद्या गावाला जायचंय, आजच देऊन टाका" असं करू नका. आणि मधे दीड-दोन महिने गेले असतील तर लाजू नका, जा. डॉक्टर तिथून पुढचा हिशेब नव्यानं लावून देतात.

सेव्हन इन वन, नाईन इन वन

मेडिकलवाले आणि डॉक्टर फाईव्ह इन वन, सेव्हन इन वन, नाईन इन वन अशी नावं घेतात. आकडा मोठा म्हणजे लस चांगली असा समज आहे. मुख्य रोग सगळ्यांत तेच असतात. पार्वो, जो मोत्याला झाला. डिस्टेंपर, ज्यात आधी डोळ्यांतून-नाकातून घाण येते, मग फिट येतात, जबडा चावल्यासारखा हलत राहतो आणि गाव त्याला पिसाळलेलं समजून काठ्या घेऊन धावतं. कावीळ करणारा हिपॅटायटिस, आणि खोकल्याचा पॅराइन्फ्लुएन्झा. वरचे वाढीव आकडे बरेचसे लेप्टोच्या निरनिराळ्या प्रकारांचे असतात.

लेप्टो आपल्याला नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात तो घराघरात माहीत झाला. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर गोळ्या घ्या, असं आरोग्य केंद्रातून सांगतात तोच हा. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो, आणि कुत्र्याच्या लघवीतूनही. कामवारीच्या काठची, खाडीलगतची, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात असणारी आपली गावं आणि गोदामांतले उंदीर पाहता आपल्याकडच्या कुत्र्याला लेप्टोची लस हवीच, असं माझं मत आहे. तिचेही दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी द्यावी लागते.

आता सगळ्यात घातक गैरसमज. "सेव्हन इन वन दिलंय, त्यात सगळं आलं." त्यात रेबीज असेलच असं नाही. काही बाटल्यांत असतं, बऱ्याच बाटल्यांत नसतं. आकड्यावरून काहीही कळत नाही. कार्डावर "रेबीज" किंवा "अँटी रेबीज" असं वेगळं लिहिलेलं आहे का आणि तिथं बाटलीचं स्टिकर चिकटवलंय का, ते पाहा. नसेल तर तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस मिळालेली नाही असंच धरा.

पार्वोनं पिल्लू जातं, पण तो रोग माणसाला लागत नाही. रेबीज माणसाला लागतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. जगात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात तीन महिन्यांचं पिल्लू आहे आणि त्याच्याशी पाच वर्षांचं पोर खेळतंय, तर ती लस पिल्लाची जेवढी तेवढीच पोराचीही आहे.

टोचायला नेताना

पिल्लू खेळतं-खातं असावं. ताप, हगवण, उलटी असेल तर आधी ते बरं करायचं, मग लस. जंताचं औषध लशीच्या आठवडाभर आधी झालेलं बरं.

लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे लाईटचा काय भरवसा ते मी सांगायला नको. मेडिकलमधून बाटली घेऊन, खिशात टाकून, दुपारच्या उन्हात गाडीवर दहा किलोमीटर गेलात तर पाणी टोचल्यासारखंच आहे. बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा, पण बाटली थेट बर्फाला लागू देऊ नका, गोठली तरी लस बिघडते. त्यापेक्षा डॉक्टरांच्या फ्रिजमधली लस त्यांच्याच हातून टोचून घ्या. वाळलेल्या पावडरची बाटली आणि पाण्याची बाटली असे दोन भाग असतात. दोन्ही तुमच्यासमोर मिसळून लगेच दिले पाहिजेत. गावात गुरांना सलाईन लावणारे, रेतन करणारे काही जण पिल्लालाही टोचून देतात. स्टिकर आणि सही नसलेलं इंजेक्शन कशाचं होतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. दिवसभर पिल्लू मलूल राहणं, मानेवर छोटी गाठ येणं साधं आहे. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, लागोपाठ उलट्या झाल्या तर उलट पावली डॉक्टरांकडे.

तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून जा, कुत्र्याची कोणती लस शिल्लक आहे ते विचारा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरात मिळून जाते, २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास शिबिरं होतात. पार्वो-डिस्टेंपरची बहुतेकदा विकतच घ्यावी लागते. जनावर आजारी असेल आणि नेता येत नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढा आणि पुढच्या तारखेचा गजर त्याच वेळी लावा. पीक विम्याच्या तारखेला आपण लावतोच की.

अंगण सोडू देऊ नका

शेवटची लस होऊन दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला नाक्यावर, मटणाच्या दुकानापाशी, इतर कुत्र्यांच्या उकिरड्यावर फिरवू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलेला लागूनही घरात येतो.

ज्या घरात पार्वोनं पिल्लू गेलं आहे, त्यांनी लगेच दुसरं आणू नये. फिनेल ओतून भागत नाही, या विषाणूला फिनेल फारसं मोजत नाही. आधी घाण पूर्ण काढून जागा धुवायची आणि मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरचं पाणी करून फरशी, भांडी, साखळी त्यानं धुवायची. मातीच्या अंगणात एवढ्यानंही खात्री नाही, तिथं नवं पिल्लू आणायचं तर शेवटच्या लशीपर्यंत घराच्या फरशीवरच ठेवायचं. आम्ही मोत्यानंतर दुसरी दिवाळी येईपर्यंत थांबलो.

चावलं तर

घरचं पिल्लू खेळताना दात लावतंच. "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज" हे चुकीचं आहे, पिल्लालाही रेबीज होतो. रक्त आलं, साधा ओरखडा उठला किंवा जखमेला लाळ लागली, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. मिरची, चुना, हळद-तेल काही लावायचं नाही. मग आरोग्य केंद्र, किंवा भिवंडीतलं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचं आणि कुत्र्याचं कार्ड सोबत न्यायचं. कुत्र्याला मारून टाकू नका किंवा लांब नेऊन सोडू नका, दहा दिवस नजरेसमोर ठेवावं लागतं.

जुनी माणसं अजून "पोटात चौदा इंजेक्शनं" म्हणून घाबरवतात, आणि त्या भीतीनं पोरं चावल्याचं घरी सांगत नाहीत. ती चौदावाली लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, परळच्या हाफकिनमध्येही बनत होती. २००४ च्या अखेरीस ती देशात बंद झाली. आता इंजेक्शनं दंडात, चार-पाच फेऱ्यांत होतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळं एक औषध टोचतात, तेही घ्यायचंच. पोरांना एवढं सांगून ठेवा, की चावलं म्हणून मार मिळणार नाही.

कुत्रं आधीच मोठं असेल तर

बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो. वर्षाचं, दोन वर्षांचं झालं, एकही लस नाही, आता काय उपयोग? उपयोग आहे, आणि काम सोपं आहे. आईची राखण कधीच उतरलेली असते, त्यामुळे चार फेऱ्या लागत नाहीत. मिश्र लशीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीजची एक, आणि पुढे दरवर्षी. पाळलेल्या कुत्र्याचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत लिहिलेलंच आहे.

गल्लीतल्या बिनमालकाच्या कुत्र्यांचं काय, हाही प्रश्न येतो आणि तो खरा आहे. गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यानं हे करून दाखवलं. तिथं सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून गावोगाव जाळी घेऊन फिरली, दरवर्षी हजारो कुत्री टोचली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आपल्या ग्रामपंचायतींना ग्रामसभेत हा विषय घ्यायला काय हरकत आहे, मला कळत नाही. लाळ्या-खुरकूताच्या वेळी पथक दारात येतं तेव्हा आपण गुरं बांधून तयार ठेवतोच.

आमच्याकडे यंदा वाघ्या आलाय. दोन लशी झाल्यात, तिसरी आणि रेबीज १४ फेब्रुवारीला. कार्ड यावेळी खणात नाही. मुलीनं ते चुलीपासून लांब, दाराच्या मागे कॅलेंडरला टाचणीनं लावलंय आणि १० मार्चवर लाल पेनानं गोल केलाय.